नाण्यांची जादू शिकायचीय? पहिलं पुस्तक असं निवडा

नाण्यांच्या जादूचं पुस्तक घ्यायला निघालेला माणूस बहुधा मुखपृष्ठावरचा आकडा बघतो. अमुक इतके प्रयोग, तमुक इतक्या युक्त्या. आकडा जितका मोठा तितके पैसे वसूल, असा साधा हिशोब असतो. नाण्यांच्या बाबतीत तो फसतो. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं आणि प्रत्यक्षात उजव्यातच ठेवायचं, एवढी एकच गोष्ट जे पुस्तक शेवटपर्यंत नीट शिकवतं, ते घ्यावं. पुढचे कितीतरी प्रयोग तिच्यावरच उभे असतात. ती अर्धवट सांगून दोनशे प्रयोग देणारं पुस्तक महिन्याभरात कपाटावर जातं.

नाणं कधी हातात लपवलंच नाही, अशा माणसासाठी हा लेख आहे. मग तो लातूरला क्लासच्या खोलीवर राहणारा पोरगा असो, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी मुलांना रमवू पाहणारे गुरुजी. पत्त्यांची जादू, रिंगा, रुमाल यांचा इथं विचार केलेला नाही.

आधी नाणं, मग पुस्तक

हा क्रम उलटा केला की पुस्तकावर विनाकारण राग येतो. या विषयावरची नावाजलेली बरीच पुस्तकं अमेरिकेत लिहिली गेली आणि तिथला अर्धा डॉलर गृहीत धरून लिहिली गेली. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर आणि वजन ११.३४ ग्रॅम. आपण खिशातला रुपया काढून पुस्तकाप्रमाणे तळव्यात धरायला जातो, तो निसटतो, आणि आपल्याला वाटतं की आपला हातच या कामाचा नाही.

आपल्या चिल्लरीची मापं अशी आहेत. २०११ च्या मालिकेतला एक रुपया जेमतेम २२ मिलिमीटरचा, दोनचं नाणं २५ चं, पाचचं २३ चं. दहाचं दुरंगी नाणं २७ मिलिमीटरचं आणि ७.७१ ग्रॅम वजनाचं. एक आणि दोनची स्टीलची नाणी पातळ, गुळगुळीत आणि हलकी असतात. त्यांची कड बोटाला नीट सापडत नाही आणि वजन कमी असल्यानं नाणं हातात आहे की सरकलं, हे न बघता कळत नाही. मोठ्या माणसानं दहाचं नाणं घ्यावं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पाचचं बरं पडतं, लहान तळव्यात २३ मिलिमीटर छान मावतं.

दहाची पाच नाणी लागतील, पण एकाच नक्षीची. दहाचं नाणं घेताना कुरकुर करणारे दुकानदार आजही भेटतात, कारण नक्षी वेगळी दिसली की खोट्या नाण्याची शंका येते. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की तोवर निघालेल्या दहाच्या नाण्यांच्या चौदाही नक्षी चलनात ग्राह्य आहेत. व्यवहारात सगळी चालतील, जादूत नाही. चार नाण्यांतलं एक वेगळ्या नक्षीचं असलं तर समोरचा माणूस नकळत त्याच्यावरच लक्ष ठेवतो. बँकेच्या खिडकीवरून सुटी घ्या आणि घरी सारखी वेचा. नवीकोरी चकचकीत टाळा, त्यांच्या ताज्या कडा एकमेकींवर फार वाजतात. मळलेली, वापरून झिजलेली गप्प बसतात.

वीसचं नाणंही एक घेऊन ठेवा. ते बारा कोनांचं, ८.५४ ग्रॅमचं, पण व्यासानं दहाच्या नाण्याइतकंच, २७ मिलिमीटर. शिवाय रंग नेमके उलटे: दहाचं कडं पिवळं आणि पोट पांढरं, तर वीसचं कडं पांढरं आणि पोट पिवळं. चांदीच्या नाण्याचं हातातल्या हातात तांब्याचं होतं, असा एक जुना प्रयोग आहे. त्यासाठी परदेशी पुस्तकं अर्धा डॉलर आणि जुनी इंग्रजी पेनी अशी जोडी सांगतात, कारण ती दोन्ही जवळपास एका मापाची असतात. आपल्याकडे ही जोडी तीस रुपयांत घरात येते. वीसचे कोन बोटाला जाणवतात, ते तर वरचं बक्षीस: न बघता कुठलं नाणं कुठे आहे ते कळतं.

आता एक गंमत. निजामाच्या राज्यात आपल्या मराठवाड्यात हाली रुपया चालायचा आणि इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणायचे. अनेक घरांत लक्ष्मीपूजनाला अजून एखादा कलदार निघतो. तो तोळाभराचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि व्यासानं साधारण साडेतीस मिलिमीटरचा. पुस्तकातल्या अर्ध्या डॉलरचा जवळजवळ सख्खा भाऊ. आजीची परवानगी मिळाली तर एकदा तळव्यात ठेवून बघा, पुस्तकाचा लेखक कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. सराव मात्र त्याच्यावर करू नका. नाणी सारखी पडत असतात आणि शहाबादी फरशी चांदीची गय करत नाही.

पुस्तकाला कस कुठे लावायचा

दुकानात असाल तर अनुक्रमणिकेत, ऑनलाइन असाल तर नमुना पानांत, 'नाणं नाहीसं करणे' या अर्थाचं प्रकरण शोधा. इंग्रजीत त्याला व्हॅनिश म्हणतात. त्यातली सगळ्यात सोपी, नाणं बोटांच्या मुळाशी लपवून केलेली रीत काढा. तिचं पूर्ण वर्णन कसं असावं ते खाली देतो. पुस्तकातलं पान याच्याशेजारी ठेवून वाचा.

पहिली पायरी: उजवा हात उताणा. नाणं मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाकडच्या पेरांवर आडवं पडलेलं, सगळ्यांना दिसेल असं. डावा हात कमरेच्या जरा वर, उताणा, बोटं सैल.

दुसरी: उजवा हात डाव्याकडे जाता जाता पालथा होतो. पालथा होतानाच ती दोन बोटं किंचित वळतात आणि नाण्याच्या दोन कडा धरतात. अंगठ्यानं नाणं दाबायचं नाही. तर्जनी आणि करंगळी त्या दोघांच्या जोडीनं सहज वळलेली, ताठ नाहीत.

तिसरी: उजव्या बोटांची टोकं डाव्या तळव्याला टेकतात. डावी बोटं त्यांच्यावर मिटतात आणि उजवी बोटं त्या मिटत्या मुठीतून बाहेर सरकतात.

चौथी: आता डावी मूठ हलते, थोडी वर आणि बाजूला. उजवा हात क्षणभर आहे तिथेच राहतो, मग मांडीवर किंवा अंगाशेजारी सैल पडतो. डोळे पूर्ण वेळ डाव्या मुठीबरोबर.

पाचवी: थांबायचं. मनात एक-दोन म्हणण्याइतकं. मग डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची.

तुमच्या हातातलं पुस्तक यातलं काय काय सांगतं? बहुतेक पुस्तकं पहिल्या तीन पायऱ्या सांगतात. चौथी जिथे गायब, ते पुस्तक परत ठेवा. कोणता हात हलतो यावर सगळा खेळ असतो. नाणं घेतलेला हात ते घेऊन निघतो, देणारा हात मोकळा होऊन मागे राहतो, हे आपण रोज दुकानात बघतो. शिकाऊ माणूस नेमकं उलटं करतो: चोरी झालेला उजवा हात घाईनं मागे ओढतो. समोरच्याला कारण सांगता येत नाही, पण नजर त्या पळणाऱ्या हातामागे जाते.

आणखी काही गोष्टी पुस्तकात आहेत का ते बघा. बघणारा कोणत्या बाजूला बसला तर लपलेलं नाणं दिसेल? नाहीसं झाल्यावर उजव्यातल्या नाण्याचं पुढे काय करायचं, खिशात कधी सोडायचं की कोपराखालून काढून दाखवायचं? चूक कुठे होते आणि का? या तिन्हींची उत्तरं असतील तर लेखकानं ही गोष्ट लोकांसमोर केलेली आहे. 'नंतर हात रिकामा दाखवा' असं एका ओळीत आटोपलं असेल, तर तो हात रिकामा कसा झाला हे तुम्हालाच शोधावं लागेल.

चुकांचं म्हणाल तर त्या ठरलेल्या असतात. पुस्तक त्यांच्याबद्दल बोलत नसेल तर निदान तुम्हाला माहीत असाव्यात. नाणं धरलेल्या हाताचा अंगठा ताठ उभा राहतो, कारण पकड बोटांत बसण्याआधीच हात पालथा केलेला असतो. खोटी देवाणघेवाण खऱ्यापेक्षा वेगात होते, कारण मनात भीती असते. डाव्या मुठीत नाण्याची जागाच नसते. पोकळ असायला हवी ती मूठ करकचून आवळलेली असते. तिन्हींवर औषध एकच: पाच वेळा खरोखर नाणं द्यायचं, सहाव्यांदा खोटं, आणि मोबाईलवर सहाही टिपून नंतर बघायचं. सहावं वेगळं ओळखू आलं तर काम बाकी आहे.

चित्रं वाचता आली पाहिजेत

नाण्यांच्या पुस्तकात निम्मा अर्थ चित्रात असतो, म्हणून चित्रांची संख्या मोजण्यापेक्षा ती कुणाच्या डोळ्यांनी काढली आहेत ते बघा. करणाऱ्याच्या बाजूनं काढलेलं चित्र हात कसा ठेवायचा ते शिकवतं. बघणाऱ्याच्या बाजूचं चित्र काय दिसायला हवं ते सांगतं. चांगल्या पुस्तकात अवघड जागी दोन्ही असतात. एकच असेल तर निदान ते कोणत्या बाजूचं आहे, हे लिहिलेलं असावं. नाहीतर उजवा-डावा उलटून आठवडा वाया जातो. डावखुऱ्यांनी मजकुरात आधीच पेन्सिलीनं उजवा-डावा बदलून घ्यावा. वाचता वाचता डोक्यात उलटवायला गेलं की तिसऱ्या ओळीला गोंधळ होतोच.

फोटोपेक्षा रेघांचं चित्र बहुधा सरस ठरतं. फोटोत नाणं आणि कातडी एकाच करड्या रंगात मिसळतात, स्वस्त छपाईत तर फारच. रेघेत चित्रकार नाण्याची कड स्पष्ट दाखवू शकतो, हवं तिथे बोट पारदर्शक करून आतलं नाणं तुटक रेघेनं काढू शकतो.

नावानिशी बोलायचं तर

फक्त नाण्यांवरचं पुस्तक हवं असेल तर सुरुवात बहुतेकांची जे. बी. बोबो यांच्या 'मॉडर्न कॉइन मॅजिक'नं होते आणि ते योग्यच आहे. हे पुस्तक १९५२ चं, वाढवलेली आवृत्ती १९६६ ची. डोव्हर या अमेरिकी प्रकाशनाची कागदी बांधणीची आवृत्ती जास्त मिळते. तिच्या मुखपृष्ठावर ११६ हातचलाख्या आणि २३६ प्रयोग असा आकडा आहे. म्हणजे सुरुवातीला ज्या आकड्याला नावं ठेवली, तोच इथे. फरक असा की बोबोंनी आधी नाणं लपवण्याच्या जागा, मग मूळ हालचाली, मग नाहीसं करण्याच्या रीती आणि त्यानंतर प्रयोग, असा क्रम लावलाय. त्यामुळे पहिली तीन प्रकरणं हेच तुमचं पुस्तक आणि बाकीचं संदर्भाला, असं समजून ते घेता येतं. रेषाचित्रं नेल्सन हाने यांची, स्वच्छ आहेत.

त्याची खोट अशी की मजकूर आटोपशीर आहे. एकेक रीत अर्ध्या-पाऊण पानात संपते, आणि नवख्याला कुठली आधी घ्यावी, कुठली सोडावी हे सांगायला शेजारी कुणी नसतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत गेलात तर चाळीस रीती अर्धवट होतील आणि एकही येणार नाही.

इंग्रजी जड जात असेल तर बिल टार यांचं १९७६ चं 'नाउ यू सी इट, नाउ यू डोन्ट' बघा. बॅरी रॉस यांची चित्रं त्यात ओळीनं येतात आणि बरंचसं काम तीच करतात. त्यात पत्ते, चेंडू वगैरेही आहे, पण नाण्यांचा भाग नवख्याला पुरतो. शाळेत, गॅदरिंगला, घरगुती कार्यक्रमात वेगवेगळं काही दाखवायचं असेल आणि नाणी हा त्यातला एक भाग असेल, तर मार्क विल्सन यांचा १९७५ चा 'कोर्स इन मॅजिक' जास्त उपयोगाचा. ते जाड पुस्तक आहे, चित्रं भरपूर, पायऱ्या लहान लहान.

फुकटात हवं असेल तर प्रोफेसर हॉफमन यांचं १८७६ चं 'मॉडर्न मॅजिक' आणि टी. नेल्सन डाउन्स यांचं १९०० चं 'मॉडर्न कॉइन मॅनिप्युलेशन' ही दोन्ही जुनी असल्यानं इंटरनेटवर कायदेशीर वाचता येतात. डाउन्स स्वतःला नाण्यांचा राजा म्हणवायचे आणि हवेतून नाणी काढून भांड्यात टाकण्याच्या खेळासाठी ते गाजले. वाचायला मजा येते, पण पहिलं पुस्तक म्हणून नको: भाषा सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची, रंगमंच दूरचा, अंगावर कोट.

रिचर्ड कॉफमन यांनी १९८५ मध्ये लिहिलेलं 'डेव्हिड रॉथ्स एक्सपर्ट कॉइन मॅजिक' कुणी सुचवलं तर नाव वहीत लिहून ठेवा आणि वर्षभर विसरा. उत्तम आहे, पण तळव्यात नाणं धरता येतं हे तिथे गृहीत धरलेलं आहे.

मराठीत जादूच्या प्रयोगांची छोटी पुस्तकं जत्रेत, रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडे, तालुक्याच्या वाचनालयात सापडतात. त्यातलं नाण्यांचं पान वरच्या कसाला लावा. बऱ्याचदा ते साधनाचे प्रयोग निघतात: पेल्याच्या तोंडाला चिकटवलेला कागद, बोटाला लावलेलं मेण, नाण्याला बांधलेला धागा. असे प्रयोग वाईट नाहीत, मुलांना एका संध्याकाळीत जमतात. पण त्यातून हात तयार होत नाही. हातचलाखी शिकायची असेल तर ते पुस्तक जोडीला ठेवा, मुख्य म्हणून नको.

इंग्रजी पुस्तक घेताना सहा-सात शब्द पक्के असले की निम्मी भीती जाते. पाम म्हणजे हात रिकामा वाटेल अशा रीतीनं नाणं लपवणं. फिंगर पाममध्ये ते बोटांच्या मुळाशी, क्लासिक पाममध्ये तळव्याच्या मधोमध, थंब पाममध्ये अंगठ्याच्या बेचक्यात. व्हॅनिश म्हणजे नाहीसं करणं, स्विच म्हणजे गुपचूप बदलणं, लोड म्हणजे आधीच कुठेतरी पेरून ठेवणं, डिच म्हणजे काम झालेलं नाणं हळूच सोडून देणं. गॅफ म्हणजे कारखान्यातून बनवून आणलेलं फसवं नाणं. हेच शब्द प्रत्येक पुस्तकात फिरून येतात.

आपल्या बैठकीत न चालणारी प्रकरणं

ही गोष्ट पुस्तकांत लिहिलेली सापडणार नाही, कारण ती लिहिणाऱ्यांच्या घरात ती अडचण नव्हती. बोबोंच्या पुस्तकात नाणं बाहीत सोडण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्याला कोटाची पूर्ण, सैल बाही लागते. मे महिन्यात परभणीत बेचाळीस अंशांत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला ते प्रकरण सरळ उलटून पुढे जाता येतं.

दुसरं, टेबलाच्या कडेवरून नाणं मांडीत सोडण्याचे प्रयोग. इंग्रजीत लॅपिंग. तिथे करणारा खुर्चीत, समोर टेबल आणि बघणारे पलीकडे बसलेले असतात. आपण सतरंजीवर मांडी घालून बसलो की ना टेबलाची आडोशाला कड, ना झाकलेली मांडी. वर लोक तिन्ही बाजूंनी बसतात आणि एखादं पोरगं हमखास पाठीमागे येऊन उभं राहतं. म्हणून पुस्तक निवडताना उभ्यानं करता येणारे प्रयोग किती आहेत ते मोजा, आणि कोन सांगितलेत का ते बघा. बैठकीत दाखवायचं असेल तर भिंतीला पाठ लावून बसा, आणि बोटांच्या मुळाशी नाणं धरण्यावर भर द्या. तळव्यातलं नाणं खाली बसलेल्या मुलाला अंगठ्याखालच्या फटीतून दिसतं.

उलट काही प्रयोग आपल्याकडे जास्त खुलतात. डाउन्स यांचा हवेतून नाणी काढण्याचा खेळ तिकडे बादलीत किंवा उंच टोपीत करतात. पितळी तांब्यात दहाचं नाणं पडलं की जो खणखणाट होतो त्याला तोड नाही. आणि या खेळात अर्धी जादू आवाजाचीच असते.

मागवताना

शहरातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात हा विषय क्वचित दिसतो. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात चक्कर मारायला हरकत नाही, पण बहुधा ऑनलाइनच मागवावं लागेल. तेव्हा तीन गोष्टी तपासा. प्रकाशकाचं नाव लिहिलेलं आहे का? जुन्या, हक्क संपलेल्या पुस्तकांच्या मागणीनुसार छापलेल्या प्रती भरपूर विकल्या जातात. त्यांत यंत्रानं वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो आणि चित्रं कधीकधी गाळलेली असतात. आकृती बघा म्हटलंय आणि आकृतीच नाही, असं पुस्तक नाण्यांच्या कामी शून्य. दुसरं, नमुना पानांत एखादं चित्र मोठं करून बघा, नाण्याची कड दिसते का? तिसरं, विक्रेत्याकडे परत करण्याची सोय.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फायलींचा मोह टाळलेला बरा. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय त्या बहुधा वेड्यावाकड्या स्कॅन केलेल्या असतात आणि मोबाईलच्या पडद्यावर पान वाचायचं म्हणजे एक हात अडकतो. नाण्यांच्या पुस्तकाला दोन्ही हात मोकळे हवेत. छापील प्रत घ्या, तीही सपाट उघडी राहणारी. राहत नसेल तर वर आडवी पट्टी किंवा वजनदार दगडी बत्ता ठेवा.

पहिले बारा आठवडे

पुस्तक आल्यावर पहिलं काम: पलंगावर किंवा जाड गोधडीवर बसायची जागा ठरवा. फरशीवर पडलेलं नाणं खाटेखाली घरंगळतं, ते शोधण्यात सरावाची लय मोडते, आणि घरातले ओरडतात ते वेगळंच. रोज पंधरा मिनिटं पुरतात, एकदम दोन तास केलं तर अंगठ्याचं मूळ दुखतं.

पहिले दोन आठवडे फक्त फिंगर पाम. नाणं बोटांत धरून चालायचं, दार उघडायचं, पेन उचलायचा, चहाचा कप धरायचा. हात विसरला पाहिजे की आपण काही धरलंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर सांगितलेली खोटी देवाणघेवाण. पाचव्यापासून पुस्तकातली नाहीसं करण्याची दुसरी एकच रीत. फ्रेंच ड्रॉप बहुतेक सगळीकडे असतं, ते घ्या. त्याच्याबरोबर नाणं खिशात सोडायला शिका. सदऱ्याचा बाजूचा खिसा यासाठी शर्टाच्या छातीवरच्या खिशापेक्षा कितीतरी सोयीचा: हात नैसर्गिकपणे तिथेच पडतो.

क्लासिक पाम सातव्या आठवड्यात मुख्य म्हणून घ्या, पण पहिल्या दिवसापासून रोज दोन मिनिटं त्याला द्या. अंगठ्याखालचा मांसल भाग आणि करंगळीकडची कड यांनी नाण्याच्या दोन कडा धरायच्या, बोटं मोकळी. दोन-तीन महिने लागतात. इथे आपली हवा आडवी येते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत कातडी सुकते आणि नाणं पानासारखं गळतं. ग्लिसरीनचा एक थेंब पाण्यात मिसळून हाताला चोळा, पुसून टाका, मग सुरू करा. किंचित ओलसर हात नाणं धरतो. टाल्कम पावडर मात्र कधीच नको.

आरशासमोर सराव करताना एक खोड लागते: चोरीच्या क्षणी आपण डोळे मिचकावतो आणि चूक आपल्यालाच दिसत नाही. मोबाईल बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर टेकवून मागच्या कॅमेऱ्यानं टिपा. पुढच्या कॅमेऱ्यात उजवा-डावा उलटा दिसू शकतो आणि पुस्तकातल्या चित्राशी जुळवताना घोळ होतो.

दहाव्यापासून एक प्रयोग, एकच. एका हातातली तीन नाणी एकेक करून दुसऱ्या हातात जातात, हा प्रकार पुस्तकात शोधा. त्याला गुपचूप एक जास्तीचं नाणं लागतं, म्हणून पाच सारखी नाणी आणायला सांगितली होती: चार कामाला, एक हरवायला.

फसव्या नाण्यांचं प्रकरण पहिल्या वर्षी बंदच ठेवा. पुढे लागलीच तर तयार विकत घ्या, घरी कानस लावून चलनातलं नाणं घासू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे.

बारा आठवड्यांनी दुसरं पुस्तक घ्यायची खाज सुटते. घ्यायचं की नाही हे ठरवायला पहिल्या पुस्तकातला एक प्रयोग घराबाहेरच्या पाच वेगवेगळ्या माणसांना दाखवा: चहावाला, वर्गमित्र, पाहुणा, कुणीही. पाचांपैकी दोघांनी 'दुसरा हात दाखव' म्हटलं तर पुस्तक तेच राहू द्या आणि चौथी पायरी पुन्हा काढा.